बारा तारखेची सुई

डॉक्टरांनी विचारलं कुसाबाईला आणि उत्तर दिलं गोरक्षने.

"मावशी, पाठ आता कशी आहे?"

"दुखती ना मॅडम. लय दुखती. रात्रभर कण्हत ऱ्हाती."

दुसऱ्या प्रश्नाचंही तेच. जेवण जातं का? जातं. चालता येतं का? येतं, धरून धरून. पायाला मुंग्या? नाय, मुंग्या नाय. कुसाबाई खुर्चीत ताठ बसून ऐकत होती. ताठ, कारण कंबरेपासून छातीपर्यंत आवळलेल्या त्या पट्ट्यात माणसाला दुसरं कसं बसताच येत नाही. पाठ तिची, मणके तिचे, आणि मुंग्या येतात की नाही हे सांगणार तिचा लेक, जो गेले आठ दिवस पहाटे गाडीत फुलं भरून गेला की थेट जेवायच्या वेळेला घरी उगवत होता! मुंग्या येत होत्या. डाव्या पायाला, अंगठ्यापासून घोट्यापर्यंत. पण विचारतंय कोण.

"येत्यात मुंग्या," ती म्हणाली. "डाव्या पायाला."

डॉ. भाग्यश्रींनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं आणि लिहून घेतलं. गोरक्ष म्हणाला, "हे तर तू बोललीच नाय आई." कुसाबाईच्या डोक्यात तिडीक गेली, पण ती गप्प राहिली. चार लोकांत तमाशा नको, एवढं भान तिला होतं. तोवर तरी होतं.

कुसाबाईचं वय सहासष्ट. मातोरीच्या शिवारात त्यांची फुलशेती. बारा महिने गुलाब, थंडीत शेवंती, दसरा-दिवाळीला झेंडू. अडीच वर्षांपूर्वी ती गोठ्याच्या पायरीवर घसरून नुसती बसली, पडलीसुद्धा म्हणता येणार नाही, आणि मनगट मोडलं. तेव्हा नाशिकच्या याच दवाखान्यात तपासणी झाली आणि कळलं की हाडं आतून विरळ झालीत. आधी आठवड्याला एक गोळी दिली. त्या गोळीने छातीत अशी जळजळ व्हायची की भाकरी पुढ्यात आली तरी नको वाटायची. मग डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी दंडात एक सुई ठरवली. सप्टेंबरात बारा तारखेला, मार्चमध्ये बारा तारखेला. चार सुया वेळेवर झाल्या. मनगट भरून आलं, कुसाबाई पुन्हा पहाटे गुलाबाच्या सरीत उतरायला लागली.

पाचवी चुकली.

गेल्या सप्टेंबरात बारा तारीख नेमकी पितृपक्षात आली, आणि त्यातही षष्ठीला. षष्ठी म्हणजे पुंजारामची, तिच्या नवऱ्याची तिथी. कुसाबाईने चार दिवस आधी आठवण केली होती. गोरक्ष म्हणाला, "पितरांत कुठं दवाखान्याचं काढती? पितर उरकू दे, मग जाऊ." आणि खरं सांगायचं तर तिलाही वाटलं होतं, पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय. दवाखान्यात बसायची ती त्या दिवशी चुलीपुढे बसली. खीर, वडे, कढी, अळूच्या वड्या, गवार, भोपळा. पुंजारामला जे जे आवडायचं ते सगळं केलं. गोरक्षने गच्चीवर घास ठेवला. कावळा लवकर शिवेना, तर तो हात जोडून म्हणाला, "बापू, काय राहिलं असंल तर माफ करा." कावळा आला आणि गोरक्षच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कुसाबाईला तेव्हा लेकाचं कौतुक वाटलं होतं. आता त्या कौतुकाचाही तिला राग येत होता.

पितर उरकले, घट बसले. घट उठले तर दसऱ्याचा झेंडू. मग दिवाळीचा झेंडू. मग लग्नसराईची शेवंती. दर वेळी 'हे एवढं उरकू दे'. पैशाची अडचण म्हणावी, तर दसऱ्यालाच दारात कोरी पिकअप आली होती, तिला हातभर हार घालून नारळ फोडला होता. आणि मग जानेवारीत, भोगीच्या दिवशी, कुसाबाई बाजरीचं पीठ मळायला परातीवर वाकली आणि पाठीत कट्‌कन झालं. पीठ परातीत राहिलं, तीळ वाटीत राहिले. सून रूपाली धावत आली तेव्हा सासूला ना उठता येत होतं, ना आडवं होता येत होतं. फोटो काढल्यावर कळलं, दोन मणके दबलेत.

"हे सुई चुकल्यामुळे झालंय," डॉ. भाग्यश्री सांगत होत्या. "ती सुई चांगली आहे, हाडं भरते. पण तिचं एक वाईट आहे. ती घेत असतो तोवर हाडांची झीज थोपवून धरलेली असते. थांबवली की तीच झीज दुपटीने उसळते, आणि पहिले मणके बसतात. म्हणून मी सुरुवातीलाच बजावलं होतं, ठरलेल्या तारखेपासून महिन्याच्या वर उशीर करायचा नाही."

कुसाबाईने लेकाकडे पाहिलं. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं तेव्हा ती बाहेर बाकावर प्लास्टर सांभाळत बसली होती आणि आत गोरक्ष होता. बाहेर येऊन तो एवढंच म्हणाला होता, "सहा महिन्यांनी एक इंजेक्शन हाय, बाकी काय नाय."

"आता पुढचं ठरवू," डॉक्टर म्हणाल्या. "रोज पोटात घ्यायची एक सुई असते, नवं हाड तयार करणारी. पण तुम्हाला मुतखडा होऊन गेलाय, त्यामुळे तुमच्यासाठी ती मला नको वाटते. मग राहिल्या दोन गोष्टी. एक, तीच सहा महिन्यांची सुई पुन्हा सुरू करायची. नाहीतर शिरेतून सलाईनसारखं द्यायचं औषध, वर्षातून एकदाच. अर्धा तास लागतो. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप येतो, अंग ठणकतं. घाबरायचं नसतं, उतरतो. त्याच्या आधी किडनीचा रिपोर्ट बघायला लागतो, आणि दात. एखादा काढायचा असेल तर आधी काढून घ्यायचा, कारण हे औषध घेतल्यावर क्वचित कुणाच्या जबड्याचं हाड भरून येत नाही."

"दोन्हीत भारी कोणतं?" गोरक्षने विचारलं. खताच्या दुकानात विचारावं तसं.

"हाड भरण्यात सुई थोडी सरस. पण ती तारखेची पक्की हवी. सलाईनचं औषध हाडात मुरून राहतं. महिना-दोन महिने इकडेतिकडे झाले तरी असं घडत नाही. म्हणून मला हे कळलं पाहिजे, की तुमच्या घरी तारीख पाळली जाईल का?"

"सलाईनच लावा," गोरक्ष लगेच म्हणाला. "वर्षातून एकदा. कटकट मिटली."

कटकट! कुसाबाईने पदराचं टोक मुठीत धरलं. ज्या पाठीवर हा लहानपणी वणीच्या गडाच्या पायऱ्या चढला होता, ती पाठ आता कटकट झाली होती.

"मी मावशींना विचारलं," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी फाईलचं पान उलटलं. "मावशी, मोकळेपणाने सांगा. मागच्या वेळी तुम्हीच नको म्हणालात. पुन्हा सुई सुरू केली आणि मध्येच तुमचं मन बदललं, तर आणखी मणके जातील."

"मी?" कुसाबाई म्हणाली. "मी कवा नको म्हणले?"

डॉक्टरांनी फाईलकडे पाहिलं, मग गोरक्षकडे, आणि दार उघडून सायलीला हाक मारली. सायली म्हणजे बाहेर पेशंटना फोन करणारी मुलगी. ती वही घेऊनच आली. तिला वाटलं आपलंच काही चुकलं, म्हणून तिने घाईघाईने आणि खणखणीत वाचलं. "दहा सप्टेंबर, आठवणीचा फोन केला. मुलगा म्हणाला, पेशंट यायला तयार नाही. सतरा सप्टेंबर, परत फोन. पेशंट नको म्हणते. सहा ऑक्टोबर, पेशंटची इच्छा नाही, सारखा फोन करू नका." वही मिटून ती म्हणाली, "मॅडम, मी तीनदा केला होता."

गोरक्ष टेबलावरच्या प्लास्टिकच्या मणक्यांकडे बघत होता.

"आई, तसं म्हणावंच लागतं गं," तो शेवटी म्हणाला. "नायतर हे लोक सारखे फोन करत्यात. मी फूलबाजारात, दोन्ही हातांत क्रेट, वरून गिऱ्हाईक बोंबलतंय..."

"मग तसं सांगायचं व्हतं," कुसाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण सायली एक पाऊल मागे सरकली. "मला येळ नाय म्हणायचं. झेंडू हाय म्हणायचं. माझ्या तोंडाचं कशाला सांगितलं? मी तयार नाय? मी नवं लुगडं काढून ठेवलं व्हतं दवाखान्यात यायला!"

डॉक्टरांनी रक्ततपासणीची आणि दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी लिहिली, कुसाबाईच्याच हातात दिली. "सोमवारी या. तोवर ठरवा. तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या आणि 'तुम्ही' म्हणताना त्यांनी गोरक्षकडे बघितलंसुद्धा नाही.

परत जाताना गाडी मखमलाबादच्या रस्त्याला लागली. प्रत्येक गतिरोधकाला कुसाबाईच्या पाठीतून कळ निघत होती आणि प्रत्येक कळीला ती मनात म्हणत होती, पेशंट नको म्हणते. पेशंट नको म्हणते. त्या वहीत तिचं नाव तसंच राहणार होतं. उद्या ती अंथरुणाला खिळली असती, मेली असती, तरी वहीत लिहिलेलं असतं की म्हातारीलाच नको होतं. आणि याने भरल्या डोळ्यांनी चार लोकांना तेच सांगितलं असतं.

"चूक झाली म्हणलं ना," गोरक्ष एकदम म्हणाला.

"कवा म्हणला?"

त्याने आठवून पाहिलं. म्हटलं नव्हतंच. मग त्याने गाडीचा गिअर बदलला.

घरी रूपाली दारातच उभी होती. "आत्याबाई, काय म्हणाल्या डॉक्टर?"

"मी म्हणे सुईला नको म्हणले."

रूपालीची मान खाली गेली. तेवढ्यावरून कुसाबाईला सगळं समजलं.

"तुला म्हाईत व्हतं."

"मी यांना म्हणलं होतं आत्याबाई. मी नेते म्हणलं, रिक्षानं. तर म्हणले, झेंडू तोडायला कोण बायांच्या मागं उभं ऱ्हाईल."

"आन मला का नाय बोलली?"

रूपाली वाकून सासूच्या चपला काढायला लागली. कुसाबाईनेही याच घरात तीस वर्षं अशीच मान खाली घालून काढली होती, त्यामुळे ते गप्प राहणं तिच्या चांगलं ओळखीचं होतं. म्हणून राग कमी झाला असं मात्र नाही. उलट आपला स्वतःचाही आला. बारा तारखेला आपण अळूच्या वड्या तळत बसलो. कुणी हात बांधले होते? चपला घालून फाट्यावर जाऊन उभं राहिलो असतो तर काय घर मोडलं असतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे गोरक्ष रोजच्यासारखा ताज्या झेंडूचा हार घेऊन आला. पुंजाराम गेल्यापासून त्याचा हा नेम. गाडी भरायच्या आधी बापूंच्या फोटोला हार, मग बाजार. कुसाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"नको घालू," ती म्हणाली.

"आँ?"

"हार. ठिव खाली."

"आई, अगं बापूंनी काय केलं?"

"त्यांनी काय नाय केलं. रोज हार मिळतो त्यांना. मी भोगीपसून भिंतीला टेकले हाय, पाणी पिली का म्हणून तरी इचारलं का तू? हार ठिव आन आधी मला उठीव. मोरीपतोर जायचंय मला."

गोरक्षने हार टोपलीवर ठेवला आणि तिला काखेत धरून उठवलं. त्याला ते नीट जमत नव्हतं. आठ दिवस ते काम रूपालीच करत होती. उठताना कुसाबाई कळवळून ओरडली आणि गोरक्षचा चेहरा पांढराफटक पडला. बरं झालं, तिला वाटलं. बघ जरा.

गुरुवारी रूपालीने कुणाला न विचारता रिक्षा बोलावली. सासूच्या पाठीमागे दोन उशा लावल्या, रिक्षावाल्याला हळू चालव म्हणून दोनदा दम दिला आणि रक्त देऊन, दात दाखवून आणलं. दातांच्या डॉक्टरांनी मिश्रीवरून कुसाबाईची खरडपट्टी काढली, पण काढण्यासारखा दात एकही नाही म्हणाले. गेल्यापासून घरी येईपर्यंत दोन तास लागले. दोन तास! दाराशी रिक्षातून उतरताना कुसाबाईने हिशेब केला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत या घराला तिच्यासाठी दोन तास सापडले नव्हते, आणि त्यापायी तिचे दोन मणके गेले होते.

सोमवारी गोरक्षने बाजाराला सुट्टी टाकली. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो आईच्या आधी तयार होता. दवाखान्यात त्याने खुर्ची ओढून दिली, पाण्याची बाटली पुढे केली. रिपोर्ट चांगले आले होते. किडनी ठीक, कॅल्शियम ठीक.

"मग काय ठरलं, मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मॅडम, सुईच द्या," गोरक्ष म्हणाला. सवय ती सवय. "भारी हाय ना ती? मग तीच द्या. मी मोबाईलात टाकलंय, दोन-दोन गजर लावलेत. आता नाय चुकणार. शपथ घेऊन सांगतो, नाय चुकणार."

कुसाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तो खरं बोलत होता. डोळे लाल झाले होते, गेल्या दोन रात्री झोपला नसावा. खोटं बोलत असता तर बरं झालं असतं, सरळ दोन शब्द सुनावता आले असते. पण गच्चीवर कावळ्यापुढे हात जोडले तेव्हाही तो खरंच बोलत होता. याच्या खरेपणाचं काय करायचं होतं तिला? त्या खरेपणाला दर वेळी झेंडू आडवा यायचा.

"आता सुई घेतली तर पुढली कवा?" तिने विचारलं.

"जुलैत," डॉक्टर म्हणाल्या.

"जुलैत काय असतं रं गोरक्षा?"

"झेंडूची लागण," तो हळूच म्हणाला. "पण मी..."

"गप ऱ्हा. मॅडमनी मला इचारलंय." कुसाबाई डॉक्टरांकडे वळली. पट्ट्यामुळे तिला मान वळवता येईना, म्हणून ती अख्खीच वळली. "मला ते वरसाचं द्या. सलाईन."

"पक्कं? ताप येईल दोन दिवस."

"येऊ द्या. का ते बी सांगते. ह्याचा बाप जाऊन सहा वरसं झाली. सहा वरसांत षष्ठी एकदा बी चुकली नाय. लॉकडाऊन व्हता, भटजी मिळाला नाय, तरी ह्यानं सोता पान वाढलं. एका साली इतका पाऊस, गच्चीवर छत्री धरून उभा ऱ्हायला कावळ्यासाठी. झेंडू व्हता, मजूर नव्हते, गाडी बंद पडली व्हती, तरी नाय चुकली." तिला धाप लागली. श्वास घेऊन ती पुढे बोलली. "वरसातून एक दिवस ह्याला मेलेल्या माणसासाठी सापडतो मॅडम. सहा म्हैन्यांचं ह्याला जमायचं नाय. मला बी त्या एका दिवसात बसवा."

डॉक्टरांचं पेन कागदावर तसंच राहिलं. गोरक्ष खिडकीकडे वळून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. कुसाबाईने ते पाहिलं. तिला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

बाहेर सायलीने वही उघडली. "आजी, पुढच्या जानेवारीत आठवणीचा फोन कुणाच्या नंबरवर करू?"

"माझ्या," कुसाबाई म्हणाली, आणि पिशवीतून बटणांचा मोबाईल काढून तिच्यापुढे धरला. "मला नंबर पाठ नाय. तूच बघून लिही. आन ते मागलं लिहिलेलं खोड."

"खोडता येत नाही आजी."

"मग त्याच्याखाली लिही. पेशंट नको म्हणली नव्हती."

सायलीने गोरक्षकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तिने लिहिलं.

आतल्या खोलीत कुसाबाईला अर्धवट टेकवून बसवलं. सिस्टरने दंडाला पट्टा बांधला, मनगटाजवळ शीर चाचपली. अडीच वर्षांपूर्वी मोडलेलं तेच मनगट. गोरक्ष उशाशी पाण्याची बाटली घेऊन उभा होता. खिशात त्याचा फोन थरथरत होता, तो त्याने काढून बंद केला. पहिल्यांदा शीर सापडली नाही. सिस्टरने सुई बाहेर काढून पुन्हा घातली आणि विचारलं, "दुखतंय का?"

गोरक्षचे ओठ हलले. मग त्याने आईकडे पाहिलं आणि तो थांबला.

"दुखतंय," कुसाबाई म्हणाली.